शहराच्या उजेडात तेजोमेघाचे छायाचित्र

झाशीच्या सिव्हिल लाइन्ससारख्या वस्तीत रस्त्यांवरील दिव्यांमुळे रात्रीचे आकाश करडे दिसते. माघातील रात्री मृग नक्षत्र तेथे दक्षिणेस सुमारे ५९ अंश उंच येते. तरी त्यातील तेजोमेघाचे साधे छायाचित्र दीर्घकाळ घेतल्यास दिव्यांचाच उजेड अधिक उमटतो.

यावरील उपाय तेजोमेघाच्या स्वरूपातच आहे. ताऱ्यांनी उद्दीपित केलेला वायू ठरावीक वर्णरेषांनीच प्रकाशतो : हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर, ऑक्सिजनची हिरवी ५००.७ वर. या हिरव्या रेषेविषयी एके काळी मोठा वाद होता. ती मॅग्नेशियमच्या रुंद पट्ट्याची कडा होय, असे लॉकियर म्हणत. हगिन्स यांस ते मान्य नव्हते. पुण्याच्या सायन्स कॉलेजातील कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८९१ साली मृगातील तेजोमेघाचा वर्णपट तपासला. रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव आढळली, आणि लॉकियर यांचा पक्ष दुबळा झाला. ती ऑक्सिजनची, हे १९२७ साली बोवेन यांनी दाखविले.

आजचा हौशी निरीक्षक त्याच रेषेभोवतीचा तीन ते सात नॅनोमीटरांचा पट्टा तेवढा आत सोडणारी गाळणी कॅमेऱ्यापुढे बसवितो. दिव्यांचा बहुतेक उजेड अडतो. मात्र उरलेला प्रकाश इतका थोडा असतो, की पाच-दहा मिनिटांची कित्येक चित्रे घेऊन ती एकत्र मिळवावी लागतात, व तोवर दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने अचूक फिरती ठेवावी लागते. कृत्तिकांभोवतीचा धूलिमेघ या युक्तीस दाद देत नाही. तो ताऱ्यांचाच सर्वरंगी प्रकाश परावर्तित करतो. त्याच्यासाठी काळोखाचे गाव गाठावे लागते.