द्रव्यपरीक्षण समितीतील दोन तास

वर्गणी भरून संघटनेकडून काय मिळते, हा प्रश्न सभासद-नोंदणीच्या वेळी हमखास विचारला जातो. नुसत्या वर्गणीने फारसे काही मिळत नाही. लाभ होतो तो वेळ देणाऱ्यास.

शाखेच्या द्रव्यपरीक्षण समितीत आम्ही गेलो ते केवळ आग्रहाखातर. तेथे एका औषधी-विक्रेत्या सभासदाने दोन साली पुढे ठेवून अशोक कोणता, असे विचारले. रक्तप्रदरात पंधरा वर्षे आम्ही अशोकसालीचा क्वाथ लिहून देत आलो होतो. तरी बोट पडले ते चुकीच्या सालीवर! वृक्ष ओळखणे अवघड नाही. सीतेचा अशोक संयुक्त पर्णांचा, केशरी-तांबड्या फुलांचा. रस्त्याकडेचा उंच, लहरी कडांच्या साध्या पानांचा तो आसोपालव. परंतु वाळलेल्या सालीबरोबर ना पान येते ना फूल, आणि आसोपालवाची साल अशोक म्हणून बाजारात सर्रास विकली जाते. क्वाथाने उपशय न मिळालेल्या रुग्णांचे कारण आम्ही आजवर त्यांच्या अपथ्यातच शोधीत होतो.

तेव्हापासून दरमहा दोन तास समितीस देतो. नमुने जमविणे, नोंदी ठेवणे, सूक्ष्मदर्शकाखाली छेद पाहणे. काम कंटाळवाणे आहे, आणि चहाही बहुधा स्वखर्चाचा. मात्र वैद्य, विक्रेता व निर्माता आपापल्या चुका एकमेकांस मोकळेपणाने सांगतात, अशी दुसरी जागा आम्हांस ठाऊक नाही. पुरवठादाराकडून आता आम्ही बिलावर ‘सॅराका असोका’ असे शास्त्रीय नाव लिहून घेतो व प्रत्येक खेपेचा एक तुकडा जपून ठेवतो.

पुढील बैठकीत दारुहळद घेणार आहोत. ज्यांच्या दुकानात ती असेल, त्यांनी एक कांडी सोबत आणावी.