कोंबड्यांच्या अंड्यांचा हिशेब

आरोंदा गांवीं तेरेखोलच्या खाडीकांठीं कोंबड्या पाळणारीं घरें पुष्कळ आहेत. अंड्यांचे पैसे बहुधा घरधनिणीच्या हातीं येतात, आणि मुलांच्या वह्यापुस्तकांस त्यांचाच आधार होतो. तथापि ‘कोंबड्या अंडीं किती घालतात?’ असें पुसलें असतां ‘बरीं घालतात’ याहून निश्चित उत्तर क्वचितच मिळतें. या प्रश्नास शाळेंतील शेंकडेवारीपलीकडे कांहीं लागत नाहीं. म्हणून तो येथें सोडवून दाखवितों.

आज २० अंडीं मिळालीं, एवढ्यावरून कांहींच ठरत नाहीं. तीं २५ कोंबड्यांचीं कीं ५० कोंबड्यांचीं, हें कळलें पाहिजे. शिवाय एका दिवसाचा आंकडा भरंवशाचा नव्हे. एक अंडें तयार होण्यास सुमारें २४ ते २६ तास लागतात. त्यामुळें अंडें घालण्याची वेळ रोज थोडी पुढें सरकते, आणि ती दिवसाच्या अखेरीकडे गेली म्हणजे कोंबडी एक दिवस खाडा करते. गांवठी कोंबडी तर १०-१५ अंडीं घालून खुडूक बसते. म्हणून हिशेब निदान महिन्याचा असावा.

समजा, १ सप्टेंबर रोजीं खुराड्यांत सुधारलेल्या जातीच्या ४० कोंबड्या होत्या. १० तारखेच्या रात्रीं कोल्ह्यानें त्यांपैकीं १० मारल्या. महिनाअखेर अंडीं ६०० भरलीं. पुष्कळ लोक उरलेल्या ३० कोंबड्यांस ३० दिवसांनीं गुणून ९०० नें भागतात, आणि शेंकडा ६६ हून अधिक उत्पन्न आलें म्हणून संतोष मानतात. परंतु पहिल्या दहा दिवसांचीं अंडीं मेलेल्या कोंबड्यांनींही घातलीं होतीं! खरी रीत अशी: एक कोंबडी एक दिवस जगली कीं एक ‘कोंबडी-दिवस’ धरावा. ४० गुणिले १० म्हणजे ४००, ३० गुणिले २० म्हणजे ६००, एकूण १०००. यावर ६०० अंडीं, म्हणजे शेंकडा ६०.

आतां आरंभींच्या ४० कोंबड्याच सबंध महिनाभर धरा. १२०० वर ६०० अंडीं, म्हणजे शेंकडा ५०. पहिला आंकडा कोंबडीची परीक्षा करतो, दुसरा पाळणाराची. दोहोंतील अंतर वाढूं लागलें तर दाण्यास दोष न देतां खुराड्याचें दार तपासावें, आणि मानमोडीची लस वेळेवर टोंचली होती कीं नाहीं तें आठवावें. दोन्ही आंकडे बरोबरच उतरले तर मात्र खाद्य, पिसें गळणें किंवा उजेड यांकडे पाहावें. भर अंड्यांवरील कोंबडीस १४ ते १६ तास उजेड हवा, आणि पौषांत आपल्याकडे दिवस ११ तासांच्या आसपास असतो.

या हिशेबाचा संबंध थेट खर्चाशीं आहे. अशी कोंबडी दिवसास सुमारें ११० ग्रॅम खाद्य खाते. वरील १००० कोंबडी-दिवसांस ११० किलो लागले. एका अंड्यामागें सुमारें १८३ ग्रॅम. अंडीं ६०० ऐवजीं ४०० च मिळालीं असतीं तर तोच आंकडा २७५ ग्रॅमवर गेला असता.

गांवठी कोंबडीस मात्र हें माप लावूं नये. व्हाइट लेगहॉर्न वर्षास ३०० च्या आसपास अंडीं देते. गांवठीनें ६० ते ८० दिलीं, म्हणजे शेंकडा १६ ते २२, तरी तिनें आपलें काम केलें असें समजावें. ती वाळवी व सांडलेला दाणा टिपून पोट भरते, आणि पिलेंही स्वतःच काढते.

वहींत तारीख, सकाळच्या कोंबड्या, मेलेल्या अथवा विकलेल्या, आणि अंडीं, एवढे चार रकाने पुरेत. घरीं खाल्लेलीं अंडींही लिहावीं, आणि गवताच्या उडवीखालीं उशिरा सांपडलेलीं सुद्धां.