पिंजऱ्यातील उंदराचा वेदनारहित शेवट : का व कसा

पिकांचे व साठविलेल्या धान्याचे उंदरांपासून रक्षण करणे हे प्रत्येक शेतकऱ्याचे कर्तव्यच होय. त्यासाठी बिळे बुजवावीत, पिंजरे लावावेत, वेळप्रसंगी विषारी आमिष वापरावे, ही माहिती आता बहुतेक गावांत पोहोचली आहे. परंतु पिंजऱ्यात उंदीर सापडल्यानंतर त्याचे काय करावे, या प्रश्नाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. कोणी पिंजरा तसाच विहिरीकाठच्या हौदात बुडवितो, कोणी तो दिवसभर उन्हात ठेवतो, कोणी उंदीर कुत्र्यापुढे सोडतो, तर कोणी गणपतीचे वाहन म्हणून त्याला गावाबाहेर नेऊन मोकळे करतो. या सर्व रीती एक तर क्रूर आहेत, नाही तर निरुपयोगी आहेत. आणि काही माणसाच्या आरोग्यासही अपायकारक आहेत. म्हणून उंदीर मारणे भागच असेल तेव्हा तो कमीत कमी वेळात व कमीत कमी यातना देऊन कसा मारावा, याचा विचार येथे केला आहे.

उंदरांचा हंगाम

वाशीम तालुक्यातील अनसिंग व त्याभोवतालच्या गावांत काळ्या जमिनीत सोयाबीन आणि तूर ही खरिपाची, तर हरभरा व गहू ही रब्बीची प्रमुख पिके घेतली जातात. या पीकपद्धतीत उंदराला वर्षभर अन्न मिळत राहते. सोयाबीन कापून सुडी लागली की उंदीर प्रथम सुडीच्या बुडाशी येतो. सुडी मोडली की तो शेजारच्या तुरीत व हरभऱ्यात शिरतो आणि पुढे धान्याबरोबर घरात व कोठारात येतो. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि एका विणीत साधारणतः सहा ते आठ पिले देते. म्हणून धुऱ्यावरील बिळांचा बंदोबस्त उन्हाळ्यात, पाऊस पडण्यापूर्वी करणे हे सर्वांत फायद्याचे असते. त्या वेळी शेतात आसरा व अन्न कमी असते आणि उंदरांची संख्याही मर्यादित असते. तेव्हा मारलेली एक मादी म्हणजे पुढे मारावे लागणारे अनेक उंदीर वाचले, असे समजावे. दयेच्या दृष्टीनेही हाच मार्ग श्रेयस्कर आहे.

यातना का टाळाव्यात ?

याची तीन कारणे आहेत. पहिले कारण असे की, उंदराला वेदना व भीती दोन्ही जाणवतात. त्याची मज्जासंस्था इतर सस्तन प्राण्यांसारखीच आहे. तो आपले नुकसान करतो म्हणून त्याचा नाश करणे योग्य ठरते, परंतु त्याचे हाल करणे योग्य ठरत नाही.

दुसरे कारण कायद्याचे आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. राज्यसभेच्या सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी या विषयाचा संसदेत पाठपुरावा केला होता. या कायद्यात ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्या मनुष्याखेरीज कोणताही सजीव प्राणी अशी आहे. त्यामुळे उंदीरही तिच्या बाहेर राहत नाही. प्राण्याला विनाकारण यातना देण्यास या कायद्याचा विरोध आहे, हे मोहीम हाती घेणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

तिसरे कारण आपल्या स्वतःच्या आरोग्याचे आहे. घाबरलेला व तडफडणारा उंदीर चावतो, ओरखडतो आणि मूत्र सोडतो. त्याच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा ताप पसरतो. २००५ सालच्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती. ज्या पाण्यात उंदीर बुडविला, त्याच पाण्यात जनावरे पाणी पीत असतील व माणसे हातपाय धूत असतील, तर आपण रोगाला घरात आमंत्रण देतो. बीड जिल्ह्यातील मामला गावी १९९४ साली प्लेगच्या गाठीचे रुग्ण आढळले, ही गोष्टही विसरता कामा नये. प्लेगचे जंतू उंदराच्या अंगावरील पिसवांतून माणसाकडे येतात. म्हणून जेथे उंदीर आपोआप मरून पडलेले आढळतील तेथे त्यांना हात न लावता जवळच्या सरकारी दवाखान्यास कळवावे.

टाळावयाच्या रीती

पाण्यात बुडविणे : उंदीर चांगला पोहतो. पिंजऱ्यासह बुडविला असता तो शुद्धीवर असतानाच गुदमरतो. ही रीत सर्वत्र प्रचलित असली तरी ती दयेची मुळीच नव्हे.

उन्हात किंवा उपाशी ठेवणे : विदर्भाच्या उन्हात लोखंडी पिंजरा तापतो आणि उंदीर तासन्‌तास होरपळत मरतो. पिंजरा लावून तो तपासण्यास विसरणे हेही याच प्रकारात मोडते.

चिकट फळी : हिच्यावर चिकटलेला उंदीर ताबडतोब मरत नाही. तो सुटण्याच्या धडपडीत कातडी सोलून घेतो आणि तहानेने व थकव्याने मरतो. हिच्यावर सरडे, पाली व चिमण्याही चिकटतात. म्हणून चिकट फळी वापरू नये.

जाळणे : रॉकेल ओतून उंदीर पेटविणे हे क्रूर तर आहेच, शिवाय पेटलेला उंदीर सुडीत शिरल्यास वर्षाचे पीक जाते.

जिवंत गोठविणे किंवा मोटारीचा धूर देणे : शीतपेटीत ठेवलेला प्राणी सावकाश मरतो. मोटारीच्या धुरात उष्णता व दाहक वायू असतात. दोन्ही त्याज्य होत.

दूर सोडून देणे : यात दया दिसते, परंतु तो उंदीर शेजाऱ्याच्या शेतात जातो. अनोळखी जागी बिळाविना राहिल्याने तो पुष्कळदा इतर प्राण्यांच्या भक्ष्यस्थानी पडतो, आणि जगला तर तेथेच विणीस लागतो.

विषासंबंधी दोन शब्द

विषारी आमिषाने होणारे मरण वेदनारहित नसते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. झिंक फॉस्फाईड पोटात गेल्यावर तेथील आम्लामुळे त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो. या विषावर खास असा उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनमुळे रक्त गोठण्याची क्रिया थांबते आणि उंदीर काही दिवसांनी अंतर्गत रक्तस्रावाने मरतो. त्या अवधीत तो घुबडाने खाल्ला तर विष घुबडाच्याही अंगात जाते. गव्हाणी घुबड व धामण हे उंदरांचे कायमचे व बिनखर्चाचे शत्रू आहेत. त्यांना मारून आपण आपलेच नुकसान करतो. म्हणून घरात, गोठ्यात व थोड्या क्षेत्रावर प्रथम पिंजरा व चापाचा सापळा वापरावा, पक्ष्यांना बसण्यासाठी शेतात इंग्रजी टी या अक्षराच्या आकाराचे मचाण उभे करावेत, आणि विषाचा उपयोग प्रादुर्भाव मोठा असेल तेव्हाच, सर्व शेजाऱ्यांनी मिळून, कृषि विभागाच्या सल्ल्याने करावा.

योग्य रीत

चापाचा सापळा : ज्याचा ताण जोरकस आहे आणि ज्याची पट्टी मानेवर किंवा डोक्यावर बसते असा चाप उंदराला जागच्या जागी मारतो. ढिल्या ताणाचा चाप पायावर किंवा शेपटीवर बसतो. असा चाप दुरुस्त करावा किंवा टाकून द्यावा. चाप भिंतीच्या कडेने, आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवावा, कारण उंदीर भिंतीला धरून चालतो. लहान मुले व कोंबड्या यांचा वावर असेल तेथे तो झाकलेल्या खोक्यात ठेवावा.

पिंजरा : पिंजरा सायंकाळी लावावा व पहाटेच तपासावा. त्यात भाकरी, शेंगदाणे किंवा भज्याचा तुकडा ठेवावा. उंदीर सापडल्यास पिंजऱ्यावर गोणपाट टाकावे; अंधार झाला की उंदीर शांत होतो. हातात जाड मोजे व पायात बूट असल्याखेरीज पिंजऱ्याला स्पर्श करू नये. मुलांना दूर ठेवावे.

त्यानंतर जाड गोणीचे तोंड पिंजऱ्याच्या दाराशी घट्ट धरून दार उघडावे. उजेड सोडून उंदीर अंधाऱ्या गोणीत शिरतो. गोणीचे तोंड पिळून त्याला एका कोपऱ्यात आणावे, गोणी सपाट दगडावर ठेवावी, डोके कोठे आहे ते बाहेरून नीट पाहावे आणि वजनदार दांड्याने डोक्यावर एकच जोराचा घाव घालावा. घाव नेमका बसल्यास शुद्ध त्याच क्षणी हरपते. शंका असल्यास लगेच दुसरा घाव घालावा. या कामात संकोचाने हलका मारलेला घाव हीच खरी क्रूरता होय. ज्याचा हात या कामास धजत नाही त्याने ते दुसऱ्या सवयीच्या माणसाकडे सोपवावे. त्यात कमीपणा मानू नये.

मरण झाल्याची खात्री : छातीची हालचाल थांबली आहे, काडीने डोळ्यास स्पर्श केला तरी पापणी हलत नाही, आणि ही स्थिती दहा मिनिटे टिकली, म्हणजे उंदीर मेला असे समजावे. खात्री झाल्यावाचून तो पुरू नये.

विल्हेवाट : विहीर, नाला व हातपंप यांपासून दूर सुमारे दोन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून उंदीर पुरावा. पिंजरा साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा व हात स्वच्छ धुवावेत. पुढील दिवसांत ताप, पोटऱ्यांत वेदना, डोळ्यांस लाली किंवा कावीळ दिसल्यास डॉक्टरांकडे जाऊन उंदराशी संबंध आल्याचे आवर्जून सांगावे.

पाळलेले पांढरे उंदीर

मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्था १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी सुरू झाली. पुढे तेथे सर्पविषाचेही काम झाले. सर्पोद्यानांतून सापांचे अन्न म्हणून पांढरे उंदीर व मूषक मुद्दाम वाढवितात. अलीकडे शहरांतील काही हौशी मंडळी विदेशी साप पाळतात व त्यांच्यासाठी घरी मूषक वाढवितात. गावांतील तरुणांतही याविषयी कुतूहल आढळते. त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगणे अवश्य आहे.

नाग, घोणस, धामण, अजगर इत्यादी आपल्याकडील साप पकडून पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. घरात साप निघाल्यास वन विभागास कळवावे. सुटका केलेला साप सर्पमित्राने घरी ठेवू नये. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीतील विदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार आवश्यक आहे. शेतात पकडलेला उंदीर कोणत्याही सापास खाऊ घालू नये, कारण त्याच्या पोटात विष असू शकते.

सापास जिवंत उंदीर देण्याची रीतही सदोष आहे. कोंडलेला उंदीर सापाला चावून गंभीर जखमा करतो. म्हणून आधी वेदनारहित रीतीने मारलेलेच खाद्य द्यावे. त्यासाठी कार्बन डायऑक्साईड वायूचा उपयोग सर्वत्र मान्य आहे. त्याचा अंश मांसात अपायकारक रूपाने राहत नाही. हा वायू दाबाच्या नळकांड्यातून व प्रवाह मोजणाऱ्या यंत्राद्वारेच द्यावा. पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के वायू दर मिनिटास आत यावा, असे प्रमाण अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने २०२० साली दिले आहे. म्हणजे ५० लिटरच्या पेटीत दर मिनिटास १५ ते ३५ लिटर वायू सोडावा. वायूने आधीच भरलेल्या पेटीत प्राणी टाकल्यास त्याच्या नाकाडोळ्यांत दाह होतो. सावकाश वाढणाऱ्या वायूत शुद्ध आधी हरपते. श्वास थांबल्यानंतरही काही मिनिटे वायू चालू ठेवावा. खाण्याचा सोडा व आम्ल मिसळून घरी काढलेल्या वायूचा प्रवाह आवरता येत नाही, म्हणून तो वापरू नये. हे काम मोकळ्या हवेतच करावे, कारण हा वायू जड असून बंद खोलीत माणसासही घातक ठरतो.

नुकत्याच जन्मलेल्या पिलांस प्राणवायूची उणीव बराच वेळ सोसते. त्यांच्या बाबतीत या रीतीस पुष्कळ वेळ लागतो. म्हणून पिलांसाठी, तसेच मानेचा सांधा निखळवून लहान मूषक मारण्याच्या रीतीसाठी, पशुवैद्यकाकडून प्रत्यक्ष शिक्षण घ्यावे. २०० ग्रॅमहून जड उंदरास मान निखळविण्याची रीत लागू करू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नर व मादी वेगळे ठेवून गरजेपुरतीच पैदास करावी. जे जन्मास आले नाही ते मारावे लागत नाही.

कार्यकर्त्यांसाठी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उंदीर निर्मूलनाच्या सभेत केवळ आमिषाचे प्रमाण सांगून थांबू नये. चापाचा ताण कसा तपासावा, गोणीची रीत कशी करावी, मरणाची खात्री कशी करावी व खड्डा कोठे घ्यावा, हे प्रत्यक्ष दाखवावे. प्रात्यक्षिक प्रौढांसमोरच करावे. गावातील पिंजरे किती, ते रोज पहाटे कोण तपासतो आणि उंदरांची विल्हेवाट कोण लावतो, याची नोंद ठेवावी. मोहीम उन्हाळ्यात संपूर्ण शिवारात एकाच वेळी राबविल्यास मारावयाच्या उंदरांची संख्या घटते, विषाचा खर्च वाचतो आणि घुबड व धामण हे आपले सोबती शिवारात टिकून राहतात.