कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे
रुग्णालयाच्या संगणकीय नोंदींविषयी थोडेसे

आपल्या रुग्णालयातील केसपेपर, देयके, पावत्या आणि देणग्या यांची नोंद संगणकात ठेवली जाते, हे आपणांस ठाऊक आहेच. या नोंदींतून कधी चुकीचे उत्तर का निघते आणि ती चूक आम्ही कशी शोधतो, याची माहिती विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांना असावी, या हेतूने हे टिपण सादर करीत आहोत.

‘रिलेशनल डेटाबेस’ ही कल्पना आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. तिचे तत्त्व आपल्या जमाखर्चाच्या पद्धतीस परके नाही. प्रत्येक विषयाची स्वतंत्र वही, म्हणजे ‘टेबल’, ठेवायची आणि रोजकीर्दीतील नोंदीपुढे जसे खातेपान लिहितात, तसे रुग्णाच्या नोंदणी क्रमांकाने या वह्या एकमेकींशी जोडायच्या. या वह्यांना विचारलेला प्रश्न म्हणजे ‘क्वेरी’ आणि नेहमीच्या कामासाठी साठवून ठेवलेला सूचनांचा संच म्हणजे ‘प्रोसिजर’.

पहिली अडचण कोऱ्या रकान्याची. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवावयाच्या असतात. पात्रता वार्षिक उत्पन्नावर ठरते. पनवेल परिसरातील वीटभट्टीवरचा मजूर रात्री दाखल होतो, तेव्हा शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा दाखला जवळ असतोच असे नाही. मग उत्पन्नाचा रकाना कोरा राहतो. ‘मर्यादेच्या आत कोण?’ असे विचारल्यास हे नाव येत नाही आणि ‘मर्यादेबाहेर कोण?’ असे विचारल्यासही येत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे, तर ‘माहीत नाही’. अशी काही नावे आमच्याही सवलतीच्या यादीतून सुटली होती. एका रुग्णाच्या भावाने देयक हाती पडल्यावर विचारणा केली, तेव्हा हे लक्षात आले. ते देयक दुरुस्त करण्यात आले. दोष संगणकाचा नव्हता. प्रश्न अपुरा विचारणाऱ्या आमचा होता. आता कोऱ्या रकान्यांची तिसरी यादी रोज सकाळी काढून वैद्यकीय समाजसेवकांकडे दिली जाते. तिन्ही याद्यांची बेरीज एकूण दाखल रुग्णांशी जुळल्याखेरीज काम पूर्ण समजत नाही.

दुसरी अडचण दुबार बेरजेची. समजा, एका रुग्णाचे देयक १२,००० रुपयांचे असून त्याने ५,००० व ७,००० अशा दोन पावत्यांनी ते भरले. देयक व पावती ही टेबले जोडली की तेच देयक दोन ओळींत दिसते. देयकांची बेरीज मागितल्यास २४,००० येते. निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्ण वगळून इतरांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. या बेरजेवर २४० ऐवजी ४८० रुपये निघतील. उपाय सोपा आहे. आधी प्रत्येक देयकावरील पावत्यांची बेरीज करावी, मगच टेबले जोडावीत. शिवाय दरमहा देयकांची बेरीज एकट्या देयक टेबलावरून काढून ताळा घेतला जातो.

तिसरी अडचण परवानगीची. रोखपालास रक्कम दिसावी, परंतु रुग्णाचे निदान दिसू नये, असे अधिकार ठरवून दिलेले आहेत. एकदा देयकाची प्रोसिजर दुरुस्तीसाठी काढून टाकून त्याच नावाने नव्याने बनविली गेली. नाव तेच असले, तरी जुनीला दिलेले अधिकार नवीला आपोआप मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीवर ‘परवानगी नाही’ असा संदेश झळकला आणि बाहेर रांग वाढू लागली. सर्वांना सर्व अधिकार दिले असते, तर रांग तत्काळ सरकली असती. पण मग कोणत्याही टेबलापाशी बसून कोणाचाही आजार वाचता आला असता. आम्ही तसे केले नाही. कोणत्या नावाने प्रवेश झाला आहे, अडले कोठे आणि कोणता अधिकार कमी आहे, हे क्रमाने तपासून केवळ ती प्रोसिजर चालविण्याचा अधिकार रोखपालांना दिला. तेवढा वेळ पावत्या हाताने लिहून दिल्या. यापुढे प्रोसिजर बदलताना अधिकारांचे आदेशही सोबत लिहून ठेवण्याची शिस्त घातली आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांना आमची नम्र विनंती आहे की, दाखला जवळ नसला तरी उत्पन्नाविषयी दाखल होतानाच सांगावे आणि देयकात शंका आल्यास निःसंकोचपणे विचारावे. वर सांगितलेली पहिली चूक अशाच एका प्रश्नामुळे उघड झाली. देणगीदारांनी विश्वासाने दिलेला प्रत्येक रुपया योग्य रुग्णापर्यंत पोहोचावा, यासाठीच ही सारी दक्षता आहे.