हरवलेल्या वाणीस नवी संथा

अर्धांगवायूच्या झटक्यांतून उठलेला कर्ता पुरुष पाणी मागूं जातो आणि तोंडांतून भलताच शब्द येतो. "आतां त्यांना कांहीं समजत नाहीं," असें घरांतील मंडळी म्हणूं लागतात. हळूहळू त्यांस सल्ला विचारणें बंद होतें. परंतु वाणी अडली म्हणजे बुद्धि गेली, हा समज शास्त्रास धरून नाहीं.

या विकारास 'वाचाघात' म्हणतात. बहुतेक माणसांत भाषेचें मुख्य स्थान मेंदूच्या डाव्या अर्धांत असतें. तेथील रक्तवाहिनी तुंबली अथवा फुटली, म्हणजे मनांतील अर्थ शाबूत असूनही शब्द सांपडत नाहीं. काहींस दुसऱ्याचें बोलणें समजण्यासही अडचण पडते. सन १८६१ मध्यें पॅरिस येथील शस्त्रवैद्य पॉल ब्रोका यांनीं, बहुधा 'टॅन' एवढेंच उच्चारूं शकणाऱ्या एका रोग्याच्या मेंदूचें मरणोत्तर परीक्षण करून डाव्या बाजूच्या पुढील भागांतील विकृति दाखवून दिली. पुढें इंग्रज वैद्य ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनीं एक मार्मिक निरीक्षण नोंदविलें. ज्यास नवें वाक्य जुळवितां येत नाहीं, त्याच्याही तोंडून अंगवळणीं पडलेला उद्गार कधीं कधीं सहज निघून जातो. असे रोगी आठवड्याचे वारही ओळीनें म्हणतांना आढळतात.

मग उपयोगाचीं वाक्यें घोटून तितकींच अंगवळणीं पाडतां येतील काय? अमेरिकेंत ऑड्री हॉलंड, लिओरा चर्नी आदि विदुषींनीं हाच मार्ग चोखाळला. रोग्यास जें बोलावेंसें वाटतें, त्याचा एक लहानसा संवाद लिहावयाचा आणि नट आपली नक्कल पाठ करतो तसा तो रोज घोटावयाचा. प्रथम ऐकणें, मग शिकविणाऱ्याच्या बरोबरीनें म्हणणें, शेवटीं एकट्यानें म्हणणें, असा क्रम असतो. वेदपाठशाळेंतील संथेशीं याचें नातें वाचकांच्या ध्यानांत येईलच. भेद इतकाच, कीं संथेंत अक्षरही बदलतां येत नाहीं. येथें मात्र संहिता रोग्याची स्वतःची असते. सन २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या शिकागो येथील प्रयोगांत संगणकाच्या पडद्यावरील बोलक्या आकृतीबरोबर तिघां रोग्यांनीं असा सराव केला आणि त्या संवादांपुरतें त्यांचें बोलणें सुधारलें.

या विदुषींनींच सन २०१० मध्यें ३३ रोग्यांनीं निवडलेल्या १०० संवादांचा विचार केला. त्यांत आप्तांशीं करावयाच्या गोष्टी होत्या, स्वतःच्या आयुष्याच्या हकीकती होत्या. गृहस्थाश्रमी वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. आपण आजोबांसाठीं वाक्य निवडूं लागलों, तर "मला औषध द्या" हेंच निवडूं. औषध बोटानेंही दाखवितां येतें. "काय ग, आज शाळेंत काय शिकलीस?" हें मात्र बोटानें विचारतां येत नाहीं, आणि कदाचित् त्यांस नातीला तेंच विचारावयाचें असतें. म्हणून वाक्य कोणतें घ्यावें, हें त्यांचें त्यांनीं ठरवावें. चार विषय कागदावर मांडून त्यांतून त्यांना खूण करूं द्यावी.

या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. लाभ मुख्यतः घोटलेल्या वाक्यांतच दिसतो. सगळी भाषा त्यामुळें परत येत नाहीं. आरंभ वाणीचे उपचार करणाऱ्या तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं व्हावा. रोजचा सराव घरच्यांनीं घ्यावा. वाक्यें थोडीं आणि आंखूड असावींत. सरावाच्या वेळीं दूरदर्शन बंद असावें. शब्द अडला तर लगेच पुढें करूं नये, थांबावें. पाहुण्यांपुढें "म्हणून दाखवा" अशी परीक्षा तर कधींच घेऊं नये.

एकत्र कुटुंबांत या कामीं एक मोठी सोय आहे. एकच वाक्य दिवसांतून दहा वेळां, दहा निरनिराळ्या माणसांशीं, खरोखरीच्या प्रसंगीं बोलण्याची संधि तेथें मिळते. मात्र त्या दहाही जणांनीं उत्तर मनापासून दिलें पाहिजे. आजोबांनीं विचारल्यावर नातीनें दप्तर खालीं ठेवून शाळेंतील हकीकत नीट सांगावी. त्यांचा प्रश्न पाठ केलेला असला, तरी उत्तर ऐकण्याची त्यांची उत्सुकता खरी असते.