आजीची खोली कुठे काढलीय?

घर बांधायचं ठरलं की एक दिवस फॅमिली ग्रुपवर पीडीएफ येऊन पडते. ‘नवीन घराचा प्लॅन, सर्वांनी बघून घ्या.’ पाच मिनिटांत तीन अंगठे, दोन नमस्कार, मुंबईच्या आत्याचं ‘खूप छान!’ आणि फायनल. आमच्याकडे डिट्टो हेच झालं. खरं तर ती पीडीएफ झूम करून कुणीच बघितली नव्हती. मीसुद्धा नाही.

तुमच्या घरीही असा प्लॅन आला असेल, तर तो नीट वाचायचं काम तुमच्याच गळ्यात मारून घ्या. कारण बाकीच्यांना तो वाचता येत नाही आणि तसं कबूल करायची लाज वाटते.

आमचं घर श्रीवर्धनच्या बाजूला. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. कौलं गेली, वाडीतल्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. चार पावसाळे पत्र्याखाली काढले आणि मग बाबा म्हणाले, आता नवीनच बांधू. तालुक्याच्या गावातून इंजिनीअर आले, मापं घेऊन गेले. आला तो प्लॅन शहरातल्या फ्लॅटसारखा होता. खाली हॉल, किचन, दोन बेडरूम. वर दोन बेडरूम आणि टेरेस. आजीची खोली वर. ‘वर शांत असतं, हवा येते,’ हे कारण.

खालून वरचा मजला 3 मीटर उंच. घरातल्या जिन्याची पायरी 19 सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी असं नॅशनल बिल्डिंग कोड सांगतो. म्हणजे कमीत कमी 16 पायऱ्या. हा भागाकार मी केला तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला. आजी 78 वर्षांची आहे.

आजीला प्रिंट दाखवली. तिने ती उलटी धरली, सुलटी धरली आणि विचारलं, ‘यात न्हाणी कुठाय?’ सांगून काही कळेना, तेव्हा मी गवंडीकाकांकडून चुन्याची फक्की आणि दोरी मागून आणली आणि अंगणात खालचा मजला आखला, खऱ्या मापात. दारांच्या जागा मोकळ्या सोडल्या.

ही काही माझी आयडिया नाही. अलिबागजवळ नांदगावला नारळाच्या वाडीत 2007 साली पामायरा हाऊस नावाचं घर उभं राहिलं. ते बांधणारा बिजॉय जैन यांचा स्टुडिओ मुंबई सुतार-गवंड्यांसोबत खऱ्या मापाचे नमुने करून बघण्यासाठी ओळखला जातो. 2010 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्यांनी मुंबईतल्या चिंचोळ्या जागेतलं घर असंच खऱ्या मापात उभं केलं होतं. आपल्याकडे लाकूड नसेल, फक्की आहे.

आणि ‘कसा वाटला?’ असं अजिबात विचारू नका. त्याचं उत्तर ‘छान’च येतं. ‘सकाळी उठल्यापासून काय काय करतेस ते यात चालून दाखव,’ असं सांगा. आई फक्कीच्या किचनमध्ये उभी राहिली, हातात मासळीचं ताट असल्यासारखा हात धरला आणि वळली. मागे भिंत. मागचं दारच नव्हतं! मासे साफ करायचे कुठे, नारळ सोलायचे कुठे, पावसात कपडे वाळत घालायचे कुठे? जुन्या घराला मागची पडवी होती, तिथे ही सगळी कामं व्हायची. प्लॅनमध्ये तिच्या जागी 3 फुटांची ‘ड्राय बाल्कनी’ होती. ड्राय! आमच्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3 हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो.

मग काकू आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘गणपतीत?’ एरवी घरात माणसं पाच, गणपतीत बावीस. खालच्या दोन्ही बेडरूमना अटॅच्ड टॉयलेट, बाहेर एकही नाही. म्हणजे आरतीला आलेल्या पाहुण्याला कुणाच्या तरी पलंगाला वळसा घालून जावं लागणार. काकांना अटॅच्डच हवं होतं, मुंबईला तसंच आहे म्हणून. यावर जे भांडण झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन दिवस काका फोन उचलत नव्हते. शेवटी एका टॉयलेटचं दार फिरवून पॅसेजमध्ये काढलं.

गवंडीकाकांचं मत कुणी मागितलंच नव्हतं. बाबांना पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला मोठ्ठी खिडकी हवी होती. गवंडीकाका रेषेवर उभे राहून म्हणाले, ‘जूनमध्ये हिच्याखाली परात ठेवा.’ पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. जुन्या घरांची पाखं उगाच खाली वाकलेली नसतात. पण खिडक्या बारीक करणं हाही उपाय नाही. दमट-उष्ण हवेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश तरी उघडी जागा हवी, असं बिल्डिंग कोड म्हणतो. 10 बाय 12 ची खोली असेल तर 20 चौरस फूट, म्हणजे 5 बाय 4 ची खिडकी. आमची ती खिडकी राहिली, पण वर अडीच फुटांचं छप्पर पुढे आलं.

(वास्तुवाले सल्लागार न बोलावता येतात. त्यांना चहा द्या.)

मापांबद्दल एक गोष्ट मात्र इंजिनीअरला थेट विचारा. हे माप भिंतीच्या आतलं की बाहेरचं? जांभ्याच्या चिऱ्याची भिंत जाड असते, कागदावरच्या 10 बाय 10 मधली जागा ती गुपचूप खाते. पूर्ण 10 फूट मिळाले तरी 5 फूट रुंद पलंग आणि 2 फुटांचं कपाट समोरासमोर लावल्यावर उरतात 3 फूट. त्यातच दार आत उघडणार असेल तर बघा. वर्तमानपत्र पलंगाच्या मापाचं कापून फक्कीत अंथरा, लगेच कळतं. आणि समुद्र जवळ असेल तर या सगळ्याच्या आधी सीआरझेडची चौकशी करा. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत त्याचे नियम लागू होतात. खिडकी कुठे हवी हा नंतरचा प्रश्न.

बाबा वैतागले होते, हे सांगायला हवं. ‘सगळ्यांना विचारत बसलो तर घर होणारच नाही.’ त्यांचंही चूक नव्हतं. दर बदलाला इंजिनीअर पैसे घेत होते आणि तेही बरोबरच होतं. पण स्लॅब पडल्यावर टॉयलेटचं दार फिरवायला काय लागलं असतं, हे गवंडीकाकांनी आकड्यात सांगितल्यावर बाबा गप्प झाले.

आजीला सगळ्यात शेवटी विचारलं, ही आमची चूक. ‘रातचं चारदा उठते मी,’ ती म्हणाली, ‘तुम्हाला कुणाला माहीतच नाही.’ खरंच नव्हतं. वरची खोली रद्द झाली. खाली, पॅसेजमधल्या त्या टॉयलेटला लागून असलेली खोली तिला द्यायचं ठरलं. आम्हाला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आजीने प्लॅस्टिकची खुर्ची त्या फक्कीच्या खोलीत नेऊन ठेवलेली. बसली होती, काठी मांडीवर आडवी. म्हटलं, काय झालं? म्हणाली, ‘इथून रस्ता दिसत नाही गो. कोण आलं-गेलं कळायचं कसं?’

इंजिनीअरना पुन्हा फोन लावला. खिडकी दुसऱ्या भिंतीत गेली. त्याचे वेगळे पैसे त्यांनी लावले नाहीत.