शकुंतला पाणी प्यायली!

उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे मुलांची चंगळ आणि आईची परीक्षा, असे जे म्हणतात ते काही खोटे नाही. शेवटचा पेपर टाकून मुले घरात शिरतात ती दप्तर एका कोपऱ्यात, बूट दुसऱ्या कोपऱ्यात आणि मोजे कुठे ते देवाला ठाऊक, अशा थाटात. त्या क्षणापासून "आई, आता काय करू?" हा जप सुरू होतो तो शाळेची घंटा वाजेपर्यंत. त्यातून आमच्या विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या अखेरीला उघडतात, म्हणजे आमचा जप इतरांहून चार माळा अधिकच!

ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्या भगिनींना हे नव्याने सांगायला नको. आणि ज्यांची मुले मोठी होऊन दूर गेली आहेत त्या हे वाचून एक सुस्कारा सोडतील. मी सध्या ह्या दोहोंच्या मधल्या उंबरठ्यावर उभी आहे. म्हणूनच २०१८ सालच्या सुट्टीची हकीकत सांगावीशी वाटते.

आमचे बिऱ्हाड यवतमाळला. जिल्ह्याच्या एका अंगाने वर्धा नदी वाहते, दुसऱ्या अंगाने पैनगंगा. आणि आमचे गाव मात्र मध्येच उंच पठारावर बसलेले. शहराची तहान भागवायची ती निळोणा आणि चापडोह ह्या दोन जलाशयांनी. २०१७ चा पाऊस रुसला आणि पुढच्या उन्हाळ्यात ह्या दोन्ही ठिकाणी तळ उघडा पडला. नळ बारा-बारा, पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवीना. टँकर आला की रात्र असो की दुपार, हातातली पोळी तव्यावर टाकून बायका धावत. दोन शेजारणी भेटल्या की "जेवण झालं का?" असे विचारायच्या ऐवजी "तुमच्याकडे आला का?" एवढेच विचारीत, आणि कोण आला ते सांगावे लागत नसे.

घरात आम्ही पाच माणसे. हे, मी, सासूबाई, आठ वर्षांचा बंड्या आणि पाच वर्षांची छकुली. एरवी उन्हाळा म्हणजे आमच्या घरी वाळवणाचा सोहळा. पण कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग ते वाटून चीक काढायचा. एवढे पाणी आणायचे कुठून? सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला, "यंदा कुरडया नाहीत. सरगुंडे करू." आमच्याकडे काडीभोवती कणकेची दोरी गुंडाळून हे सरगुंडे वाळवतात आणि उकडून आमरसाबरोबर खातात. मुलांना काय, कणीक मिळाल्याशी कारण! बंड्याने सरगुंड्यांऐवजी साप केला, छकुलीने सापाला नेसवायला लुगडे केले. चीक खायला मिळणार नाही हे दुःख दोघेही दहा मिनिटांत विसरली.

खरी पंचाईत दुपारची. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या पुढे जातो. इतर वर्षी खिडकीतला कूलर दिवसभर घरघरत असतो. पण कूलर हा मोठा तहानलेला पाहुणा, बादल्यांच्या बादल्या पितो. त्या वर्षी तो कोरडाच बसला. उन्हात जायची मुलांना बंदी. सासूबाईंनी दोघांच्या खिशांत लू लागू नये म्हणून एकेक कांदा ठेवलेला. मग ह्या कोंडलेल्या पाखरांचे करायचे काय? मी फरशीवर चटई पसरीत असे आणि गोष्ट सांगत असे.

राजा-राणीच्या गोष्टी आठवड्यात संपल्या. मग मी माझ्या लहानपणाची पोतडी उघडली, आणि तिच्यातून निघाली शकुंतला!

माझे माहेर दारव्ह्याचे. शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी आमची अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी. वऱ्हाडातला कापूस नेता यावा म्हणून किलिक निक्सन ह्या इंग्रजी कंपनीने हा मार्ग बांधला. देश स्वतंत्र झाला, सगळ्या आगगाड्या सरकारी झाल्या, तरी हिची मालकी मात्र कंपनीकडेच राहिली. १९९४ पर्यंत तिला मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन होते. पुढे डिझेलचे आले. आता तर ती बंदच आहे, आणि माझ्या मुलांनी तिच्यात कधी पाऊलही टाकलेले नाही. पण मी परकरी पोर असताना सुट्टी लागली की आम्ही भावंडे तिच्यातूनच यवतमाळला मावशीकडे येत असू. डोळ्यांत कोळशाची कुसळे, हातात दशम्यांचा डबा, आणि गाडी एवढी सावकाश की धावत्या गाडीतून उतरून बोरे तोडून पुन्हा चढावे, असे मोठी माणसे थट्टेने म्हणत.

"आणि मध्येच एका स्टेशनात गाडी थांबायची," मी रंगात येऊन सांगितले. "इंजिनाला तहान लागायची ना! मग एक जाडजूड नळी त्याच्या पोटात सोडायचे, आणि इंजिन गट्‌गट्‌ गट्‌गट्‌ पाणी प्यायचं. पोट भरलं की मग शिट्टी. कूऽऽऽ!"

छकुलीने टाळ्या पिटल्या. बंड्या मात्र काहीच बोलला नाही. तो विचारात पडला होता. आठ वर्षांचा मुलगा विचारात पडला की आईने सावध व्हावे, हे मला तेव्हा सुचायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा जरा डोळा लागला. आदल्या रात्री टँकर आला होता. आम्ही दोघांनी कळशी कळशी करून मागल्या पडवीतला दोनशे लिटरचा पिंप गळ्यापर्यंत भरला होता. त्या पिंपावर आमचे निदान आठवड्याचे सगळे, भांडी, अंघोळी, धुणे. प्यायला म्हणून स्वयंपाकघरात दोन माठ तेवढे वेगळे.

जाग आली ती पायाला गार लागले म्हणून. क्षणभर बरे वाटले. मग काळजात धस्स झाले. पडवीत जाऊन पाहते तो चार पाट, दोन स्टुले आणि एक डबा ह्यांची आगगाडी उभी. पिंपाच्या तोटीला लावलेली रबरी नळी डब्याच्या पोटात सोडलेली. डबा केव्हाच भरून वाहत होता, पाणी पडवीतून अंगणात आणि अंगणातून भेगाळलेल्या मातीत गडप होत होते, आणि आमचे स्टेशनमास्तर पुढच्या स्टुलावर उभे राहून शिट्टी वाजवीत होते, "कूऽऽऽ! शकुंतला पाणी प्यायली!"

मी आधी तोटी बंद केली आणि मग बंड्याच्या पाठीत एक, गालावर एक, अशा दोन लगावल्या. मुलांवर हात टाकायचा नाही असे मी ठरवलेले होते. पण त्या दुपारी ते कुठे आठवायला!

बंड्या रडला नाही. एवढेच म्हणाला, "त्याला तहान लागली होती, आई. तूच सांगितलं होतंस."

भांडी घासायला आलेल्या मावशी दारातच थबकल्या. "काऊन मारता जी पोराले?" त्या म्हणाल्या. "पानी तं गेलं न बाई, आता पोराच्या डोयातलं कायले काढता?"

मी काहीच बोलले नाही. वळून पाहते तो छकुली फरशीवर बसलेली. आपला फ्रॉक पाण्यात भिजवायचा आणि वाटीत पिळायचा, असा तिचा उद्योग चाललेला. अर्धी वाटी गढूळ पाणी तिने माझ्यापुढे धरले. "रडू नको. मी भरते पिंप." त्या वाटीकडे पाहून मात्र मला हुंदका आवरेना.

संध्याकाळी हे आले. त्यांनी पिंपात वाकून पाहिले, जेमतेम वीतभर पाणी उरलेले. "इंजिन मोठं होतं वाटतं," एवढेच म्हणाले. शेजारच्या काकूंनी न मागता दोन बादल्या आणून ठेवल्या. त्या दिवसांत दोन बादल्या देणे म्हणजे काय, हे ज्याने तो उन्हाळा काढला त्यालाच कळेल. मी नको नको म्हणत होते, तर काकू म्हणाल्या, "अगं, माझ्याही मुलांनी लहानपणी एकदा तुपाची बरणी कुत्र्याला दिली होती. घे मुकाट्यानं."

एवढ्यावर भागले असते तर ही हकीकत लिहायचे कारण नव्हते.

रात्री गच्चीवर अंथरुणे घातली. उन्हाळ्यातला आमचा खरा स्वर्ग तोच. डोक्यावर सप्तर्षी, दक्षिणेकडे वृश्चिकाची नांगी, आणि दिवसभर तापलेली गच्ची हळूहळू निवत चाललेली. मुले एरवी ताऱ्यांवरून भांडतात, तुझा कोणता नि माझा कोणता म्हणून. त्या रात्री बंड्या गप्प. अंगाला हात लावला तर चटका बसला. "डोकं दुखतंय," तो पुटपुटला. ओठ पाहिले तर कोरडे ठणठणीत, जीभ खरखरीत.

"पाणी कधी प्यायला होतास रे?"

उत्तर नाही. छकुलीनेच चहाडी केली, "दादानं पाणी सोडलंय. तो म्हणाला, मी सांडलं ना, मग माझं माझं पाणी मी पिणार नाही. पिंप भरेपर्यंत."

दुपारपासून, त्या भट्टीसारख्या हवेत, पोराने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. जेवताना त्याचा पेला भरलेला होता तो त्याने कुंडीतल्या तुळशीला ओतला होता. माझ्या हातापायांतले बळच गेले. ऊन बाधल्याने धडधाकट माणसे आडवी होतात. हे तर आठ वर्षांचे लेकरू. सासूबाई खाली धावल्या. पाण्यात मीठ-साखर कालवून आणली. एकदम न देता चमचा चमचा पाजले. ओले फडके कपाळावर, मानेवर, काखेत ठेवले. हे पंख्याने वारा घालीत बसले. तासाभराने त्याला घाम फुटला, मग लघवी झाली, आणि माझा जीव भांड्यात पडला. लघवी झाली ह्याचा एवढा आनंद होतो, हे आई झाल्याशिवाय कळायचे नाही!

पहाटे पहाटे तो निवला. मी त्याला पोटाशी घेऊन सांगितले, "बाळा, सांडलेल्या पाण्याचा हिशेब अंघोळीतून करू, धुण्यातून करू, कूलरमधून करू. पण तहानेतून नाही करायचा. तहान कधी शिक्षा म्हणून द्यायची नसते, दुसऱ्याला नाही आणि स्वतःलाही नाही. आणि मारलं ते माझं चुकलं."

"मग हिशेब कोण ठेवणार?" त्याने विचारले.

"तूच ठेव."

आणि त्या सुट्टीतली खरी गंमत तिथून सुरू झाली. बंड्याने चाळीस पानी वही काढली. वर लिहिले, "शकुंतला पाणी खाते". रोज सकाळी पट्टीने पिंपातले पाणी मोजायचे. आजीच्या अंघोळीला एक बादली, बाबांना पाऊण, दोघां मुलांना मिळून एक. मुलांची अंघोळ टबात बसून. त्याच टबातल्या पाण्याने पडवी पुसायची, उरलेले कुंड्यांना. तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला. चिमण्यांच्या वाटीसाठी वेगळा रकाना. तो छकुलीचा, कारण तिला तेव्हा लिहायला येत नव्हते, पण वाटीचे चित्र काढता येत होते. ह्यांनी एकदा दाढी करताना तांब्यापेक्षा जास्त पाणी घेतले, तर त्यांच्या नावापुढे लाल फुली! मीही दोनदा सापडले. सासूबाई तेवढ्या निष्कलंक राहिल्या, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान!

मग "आई, आता काय करू?" हा जप बंद झाला. सकाळी हिशेब, मग पन्ह्यासाठी कैऱ्या भाजायच्या, दुपारी गोष्ट, संध्याकाळी काकूंकडे वही दाखवायला जायचे. पुढे आळीतल्या चार मुलांनी आपापल्या वह्या काढल्या. आठवड्याच्या शेवटी पिंपात वीतभर पाणी शिल्लक राहिले, तेव्हा घरात परीक्षेचा निकाल लागल्यासारखे पेढे वाटावेसे वाटले.

जूनमध्ये एका संध्याकाळी आभाळ भरून आले. टपोरे थेंब पत्र्यावर वाजले मात्र, दोन्ही मुले स्वयंपाकघरावर तुटून पडली. पातेली, परात, ताटे, वाट्या, डबे, शेवटी चमचेसुद्धा अंगणात मांडले गेले. मध्ये दोघे तोंड वर करून उभी. त्या रात्री वहीत एकच ओळ पडली, "आज शकुंतला पोटभर प्यायली."

ह्या वर्षी बंड्या दहावी होऊन पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला गेला. सुट्ट्या आता त्याच्या, वेळ त्याचा, मित्र त्याचे. दिवाळीचा फराळ करायला म्हणून परवा मी माळ्यावरचे डबे उतरवले, तर त्यांच्याखाली ती वही सापडली. चणे-फुटाण्याच्या गंधाची, तेलकट झालेली. मी फोनवर त्याला सांगितले, तर पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "आई, इथे वसतिगृहात तोटी गळते. मी रोज जाऊन बंद करतो. पोरं हसतात."

"हसू देत," मी म्हटले. "आणि तू पाणी पितोस ना वेळेवर?"

"पितो गं!"

सुट्टी कधी एकदा संपते असे मी तेव्हा बोटांवर मोजीत असे. आज तेच दिवस मोजते आहे, तो घरी यायला किती उरले म्हणून. चकल्या झाल्या, अनारसे झाले. आणि छकुलीने दादासाठी दारात रांगोळी काढायला घेतली आहे. कशाची, ते सांगायला हवे का? पुढे इंजिन, मागे दोन डबे, आणि इंजिनाच्या पोटात सोडलेली ही भली मोठी नळी!